आठव्या चाकावरची रेघ

शर्यतीच्या तीन फेऱ्या झाल्यावर मी सवयीने खिशातून वही काढली. आठवा चौकोन रिकामा होता.

आमच्या टीमच्या गाड्या दोन. प्रत्येकीला चार चाकं आणि प्रत्येक चाकाच्या मधोमध एकच मोठा नट. टीम चालवणारे उस्ताद तो नट हवेच्या बंदुकीने आवळतात. त्यांच्यामागून मी टॉर्क पाना लावतो. नट हवा तेवढा आवळलेला असेल तर पाना ‘कट्’ करून वाजतो. मग पिवळ्या रंगाच्या पेनाने नटावरून चाकापर्यंत एक सरळ रेघ ओढायची. पुढे नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. रेघ ओढून झाली की वहीतल्या चौकोनात बरोबरची खूण करायची. माझं काम एवढंच. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाला या धंद्यात दुसरं काही जमण्यासारखंही नव्हतं. माझा भाचा या टीमचा एक ड्रायव्हर. बहीण म्हणाली, “दादा, पोराबरोबर जात जा, त्याच्याकडे लक्ष ठेव.” म्हणून मी आलो, आणि पहिल्याच दिवशी उस्तादांनी माझ्या हातात ते पेन दिलं. गॅरेजच्या भिंतीवर त्यांनी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय : रेघ नाही, तर चाक नाही.

वहीत सात खुणा होत्या. आठवी जागा मास्तरणीच्या गाडीच्या मागच्या उजव्या चाकाची होती.

मास्तरीण म्हणजे आमच्या टीमची दुसरी ड्रायव्हर. वय एकवीस. तिच्याजवळही माझ्यासारखी वही असते आणि ती कुणाचंही चुकलं की तिथल्या तिथे सांगते. हे नाव तिला माझ्या भाच्याने दिलं. भाचा बावीसचा, बहिणीचा एकुलता एक. हंगामाच्या सुरुवातीला दोघं तंबूत समोरासमोर बसून एकमेकांना टोमणे मारायचे.

“साहेब, त्या डाव्या वळणावर जरा उशिरा ब्रेक मारा, म्हणजे निदान माझ्या आरशात तरी दिसाल.”

“मास्तरीणबाई, छडी घरी ठेवून येत जा. गाडीचं वजन वाढतंय.”

आम्ही सगळे हसायचो. मग हंगामाच्या मध्यावर एक गोष्ट घडली. भाच्याचे गुण तेव्हा जास्त होते, आणि उस्तादांनी ‘इंजिन तापतंय’ म्हणून मास्तरणीला शर्यतीतून आत बोलावलं. ती आली. इंजिन गार होतं. भाचा तिच्या पुढे निघून गेला. तिने कुणालाही काही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून दोघांमधलं हसणं संपलं. मग उस्तादांनीच दोघांचे आकडे वेगळे ठेवायला सांगितले. कुणाच्या टायरात हवा किती, कुणाच्या गाडीचा मागचा पंखा किती अंश कललेला, हे एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. माझ्याकडे एकाच्या दोन वह्या झाल्या, एक लाल, एक निळी. खुणांची वही मात्र एकच राहिली.

आजची शर्यत वर्षातली शेवटची. दोघांचे गुण अगदी सारखे. पुढच्या वर्षी वरच्या गटात आमच्या टीमला एकच जागा मिळाली होती. आज दोघांत जो पुढे येईल त्याची ती जागा, असं उस्तादांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं.

आणि आता मास्तरीण तिसरी होती, भाचा तिच्या मागे चौथा, आणि तिच्या एका चाकावर रेघ आहे की नाही हे मला आठवत नव्हतं.

मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. सकाळची भुरभुर थांबली होती. गाड्या खाचांचे टायर लावून सुरुवातीच्या रांगेत उभ्या होत्या. तेवढ्यात वारा सुटला, ट्रॅक वाळायला लागला, आणि उस्तादांनी हुकूम सोडला, “गुळगुळीत टायर! दोन्ही गाड्या! आठही चाकं!” रांग मोकळी करायला सात मिनिटं होती. भाच्याच्या गाडीची चार चाकं मी केली. मग मास्तरणीच्या गाडीची पुढची दोन केली. मग मागचं डावं. मग मी मागच्या उजव्या चाकापाशी वाकलो, आणि मागून हाक आली.

“मामा! मामा, इकडे या!”

भाचा हेल्मेटची काच वर करून हाताने बोलावत होता. मी पाना तसाच हातात घेऊन त्याच्याकडे गेलो. मला वाटलं पट्टा काचत असेल.

“तिच्या मागच्या टायरांत हवा किती भरलीय?” त्याने हळूच विचारलं.

“ते मी कसं सांगू?”

“मी परका आहे का?”

“तसं नाही रे...”

“मग सांगा ना. आकडाच तर विचारतोय. संध्याकाळी आईला काय सांगणार आहात?”

मी तिथून हललो नाही. उत्तर मी दिलं नाही, वेळ मात्र दिला. तेवढ्यात शिट्टी वाजली, सगळे रांगेतून पळत सुटले, आणि उस्तादांनी माझ्या दंडाला धरून मला भिंतीकडे ओढलं.

मधे मी त्या चाकाकडे परत गेलो होतो का? पाना ‘कट्’ वाजल्याचं मला आठवत होतं. पण ते आठव्या चाकाचं वाजणं होतं की सातव्याचं? सगळी ‘कट्’ सारखीच असतात.

मला खोडच आहे पुन्हा पुन्हा बघण्याची. दाराला कुलूप लावून दहा पावलं गेलो की मी परत येतो आणि ते ओढून बघतो. भाच्याला हे लहानपणापासून ठाऊक आहे. मी नुसतं “कुलूप...” म्हटलं की तो मान वर न करता म्हणतो, “लावलं, मामा.” टीममध्ये माझं नाव पुन्हामामा पडलं ते यामुळेच. एकदा सराव चालू असताना, पाना गाडीतच राहिला म्हणून मी भाच्याची गाडी परत बोलावली होती. पाना माझ्या काखेत होता. टीम आठवडाभर हसत होती. भाच्याने माझी नक्कलही करून दाखवली, आणि ती इतकी बरोबर होती की मीही हसलो. म्हणून तिसऱ्या फेरीनंतर मी स्वतःला सांगितलं, रेघ असणार. खूण करायची राहिली असेल. दर वेळेसारखंच आहे हे.

पण दर वेळी चौकोन भरलेला असायचा, आणि तरीही मला शंका यायची. या वेळी चौकोनच रिकामा होता.

आमच्या गटात गाडीत रेडिओ लावायला मनाई आहे. ड्रायव्हरला काही सांगायचं तर पिटच्या, म्हणजे चाकं बदलायला गाड्या थांबतात त्या जागेच्या, भिंतीवरून पाटी दाखवायची. पाटीवर आकडे अडकवायचे, कितवा नंबर, पुढच्यापासून किती सेकंद, किती फेऱ्या उरल्या. आत बोलवायचं असेल तर सगळे आकडे काढून ‘आत’ अशी लाल पट्टी लावायची. ड्रायव्हरने पाटी वाचली की स्टिअरिंगवरचं एक बोट वर करायचं. बोट वर म्हणजे वाचलं आणि मान्य केलं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण उस्तादांच्या टीममध्ये त्याच्याएवढा पक्का नियम दुसरा नाही. बोट वर केलं म्हणजे शब्द दिला.

भाच्याची पाटी मी धरायचो. मास्तरणीची पाटी तिचे बाबा धरायचे. ते मोटारींच्या सीटची कव्हरं शिवतात, बोटांना सुयांचे डाग आहेत, आणि स्वभावाने माझ्याइतकेच अबोल. वर्षभर आम्ही दोघं भिंतीपाशी हाताच्या अंतरावर उभे होतो आणि हवापाण्यापलीकडे कधी बोललो नव्हतो. इंजिनच्या त्या प्रकारानंतर तर हवापाणीही बंद झालं होतं.

चौथ्या फेरीला गाड्या समोरून गेल्या तेव्हा मी भाच्याच्या पाटीकडे लक्षच दिलं नाही. उजवी बाजू भिंतीकडे असते. मी तिच्या मागच्या चाकावर डोळे रोखून बसलो होतो. एक काळा गरगर. मध्ये काही पिवळं दिसलं असं वाटलं. पाचव्या फेरीला काहीच दिसलं नाही असं वाटलं. सहाव्या फेरीला भाचा तिच्या इतका जवळ होता की मला दोन गाड्यांतलं चाक कुठलं कुणाचं तेच कळलं नाही.

चाक सुटलं तर काय होतं ते मी एकदा पाहिलंय, दुसऱ्याच टीमच्या गाडीचं. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी गाडी कडेच्या टायरांच्या ढिगात घुसली होती, आणि सुटलेलं चाक बराच वेळ एकटंच उड्या मारत चाललं होतं.

आणि या भीतीच्या खाली दुसरी एक भीती होती, तिच्याकडे मला बघवत नव्हतं. सात चाकं बरोबर झाली आणि नेमकं तिचंच राहिलं. का? हाक कुणाची होती? माझ्या मनात भाच्यानं जिंकावं असं नव्हतं का? होतंच. मग माझा हात आपोआप थांबला का? मी सांगू शकत नव्हतो. आजही सांगू शकत नाही.

एक गोष्ट मात्र मला आठवली. मास्तरणीचे बाबा रांगेत नेहमी फोनवर चित्रण करतात.

“रांगेतलं चित्रण आहे का तुमच्याकडे?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सहा महिन्यांत मी पहिल्यांदाच काहीतरी विचारत होतो.

“का?”

“मला तिचं मागचं उजवं चाक बघायचंय.”

“कशासाठी?”

मी रिकामा चौकोन दाखवला. शिंप्याला शिवण समजावी तसं त्यांना ते लगेच समजलं. त्यांनी पाटी गुडघ्यात धरली आणि फोन काढला. आम्ही दोन म्हातारे एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून त्या इवल्याशा पडद्यावर वाकलो. पडद्यावर मी होतो. पाठ वाकलेली, पेन उघडं, टोपण दातांत. मी चाकापाशी वाकलो. मग माझं डोकं वळलं, मी उठलो आणि पडद्याबाहेर गेलो. पाना चाकाला लागलाच नव्हता. मग फोन वर वळला, मास्तरणीच्या हेल्मेटवर थांबला, आणि बाकी सगळं तिचे डोळेच होते.

“नंतर परत आलात का?” त्यांनी विचारलं.

“आठवत नाही.”

“कुठे गेला होतात?”

“भाच्याने हाक मारली.”

समोरून सगळ्या गाड्या आवाज करत निघून गेल्या. आम्ही दोघांनीही पाट्या दाखवल्या नाहीत.

“त्याच्या चाकांवर आहेत चारही रेघा?”

“आहेत.”

“त्याच्या आहेत,” ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता. “मामा, तुम्ही मला काय सांगताय ते कळतंय ना तुम्हाला? आत बोलावलं तर तिचं सगळं संपलं. आणि तुमचा भाचा तिच्या मागेच आहे.”

“कळतंय.”

“आणि नट पक्का असेल तर?”

“तर मी तुम्हाला तोंड दाखवणार नाही.”

“तुमचं तोंड घेऊन मी काय करू?” ते म्हणाले. “चला, उस्तादांकडे.”

उस्ताद भिंतीच्या टोकाला घड्याळ धरून उभे होते. मला येताना बघूनच त्यांनी कपाळाला हात लावला.

“पुन्हामामा, आता काय राहिलं? पाना काखेत बघितलात का?”

“तिच्या मागच्या उजव्या चाकावर रेघ नसावी.”

“नसावी की नाही?”

“नसावी.”

“अहो, नट मी आवळलाय, स्वतःच्या हाताने! रेघ नसली म्हणून नट काय हवेत आहे?”

भिंतीवरचं वाक्य त्यांचंच होतं, ते त्यांना म्हणून दाखवायची मला हिंमत नव्हती. पण मास्तरणीचे बाबा म्हणाले, “उस्ताद, रेघ नाही तर चाक नाही.”

उस्तादांनी घड्याळ खाली केलं. ते आठवायला लागले, आणि मला दिसलं की माझी शंका त्यांच्या अंगात शिरतेय. “भाच्याची चार,” ते बोटांवर मोजत पुटपुटले. “मग हिची पुढची... मागचं डावं... उजव्याच्या वेळेला बंदूक धापा टाकत होती. टाकीतली हवा संपत आली होती. मी म्हटलं, मामा मागून पाना लावतायत, सुटलं असेल तर...” ते थांबले. मोठे हातोडे पेलणाऱ्या त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं. “आत घ्या तिला. लावा पट्टी.”

नववी फेरी होती. मास्तरणीच्या बाबांनी सगळे आकडे काढले, लाल पट्टी लावली आणि पाटी भिंतीबाहेर धरली. कोपर भिंतीवर टेकवला. ती आली. पाटी बघितली, हेल्मेट किंचित वळलं तेवढ्यावरून मला ते कळलं. पण बोट वर झालं नाही. दोन्ही मुठी स्टिअरिंगवर तशाच घट्ट. ती निघून गेली.

“तिला डाव वाटतोय,” उस्ताद म्हणाले. “मागच्यासारखा.”

“वाटणारच,” तिचे बाबा म्हणाले.

“दीड मिनिट. परत दाखवा.”

“परत दाखवून ती येणार आहे का? तुम्ही आला असतात?”

मी ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होतो. झाडांच्या मागून फक्त आवाज येत होता. तिला डाव वाटणार नाही अशी एकच गोष्ट होती, आणि ती माझ्या हातात होती. शब्दशः हातात होती. मी भाच्याच्या पाटीवरचे आकडे काढायला लागलो. चार. शून्य दशांश सहा. आठ फेऱ्या. एकेक पट्टी मी खाली ठेवली आणि माझी लाल पट्टी लावली.

“मामा, काय करताय?” उस्ताद ओरडले. “त्याचं काय बिघडलंय?”

“काही नाही.”

“मग?”

“दोघांना बोलावलं तर ती येईल.”

उस्ताद माझ्या हातातली पाटी हिसकावून घेऊ शकले असते. त्यांनी घेतली नाही. मास्तरणीचे बाबा सरकून माझ्या अगदी शेजारी आले. भिंतीबाहेर दोन पाट्या, कडेला कड लावून, दोन्हींवर ‘आत’. मला बहिणीचा चेहरा दिसत होता. पहाटे तिने डबा बांधताना विचारलं होतं, “मिळेल ना रे त्याला?” मी म्हटलं होतं, “बहुतेक.” माझं ते नेहमीचंच उत्तर.

त्या आल्या. पुढे मास्तरीण, मागे गाडीभराच्या अंतरावर भाचा. मास्तरणीचं हेल्मेट पाट्यांकडे वळलं, आणि तिचं बोट वर झालं. मागोमाग भाच्याचंही. उजव्या हाताचं पहिलं बोट, तो नेहमी करतो तसंच, जरासं वाकडं.

मग पुन्हा दीड मिनिट. मी पाना हातात घेतला, पेन घेतलं, टोपण काढलं, परत लावलं. या एका फेरीतच चाक सुटलं तर? शेवटच्या वळणाआधी पिटमध्ये शिरायचा रस्ता फुटतो, तो आम्हाला भिंतीवरून दिसतो. मी एकटक तिकडे बघत राहिलो.

मास्तरणीची गाडी दिसली. वेग कमी झाला. ती आत वळली.

तिच्या मागून भाचा आला. तो वळला नाही. गाडी सरळ आमच्यासमोरून गेली, जोरात, तिसऱ्या नंबरवर.

बघत बसायला वेळ नव्हता. मी गुडघ्यांवर टेकलो. चाक गरम होतं आणि रबराचा वास येत होता. नटावर रेघ नव्हती. जुनी नाही, नवी नाही, तुटलेलीही नाही. कोरा नट. पाना लावला आणि दाबला. नट फिरला. अंगठ्याच्या नखाएवढा फिरला, आणि मग ‘कट्’. मी रेघ ओढली. रेघ नागमोडी आली. वर बघितलं तर मास्तरीण आरशातून माझ्याकडे बघत होती.

ती परत गेली तेव्हा शेवटून दुसरी होती. शर्यत संपली तेव्हा अकरावी. भाचा तिसरा.

तंबूत सगळे जमले तेव्हा भाच्याच्या हातात करंडक होता आणि तो कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. मास्तरीण टायरांच्या थप्पीवर बसली होती, हेल्मेट मांडीवर. तिच्या बाबांनी उस्तादांना विचारलं, “किती सैल होता?”

“नखाएवढा,” उस्ताद म्हणाले. “टिकलाही असता. नसताही. देव जाणे.” मग ते भाच्याकडे वळले. “तू का आला नाहीस?”

“पाटी दिसली नाही.”

“दिसली नाही?”

“ऊन होतं डोळ्यांवर.”

मास्तरणीने मान वर करून तंबूच्या फटीतून आभाळाकडे बघितलं. सकाळपासून उन्हाचा कवडसाही पडला नव्हता. “छान आहे ऊन,” ती म्हणाली.

“मग तुझ्या गाडीची घाण असेल! सगळं पाणी माझ्याच काचेवर उडत होतं,” भाचा चिडून म्हणाला. “मला नाही दिसली, सांगतोय ना. दिसली असती तर बोट केलं नसतं का? केलं नाही मी. मामांना विचारा.”

“मी माझ्या मुलीकडे बघत होतो,” तिचे बाबा हळूच म्हणाले. उस्तादांनीही मान हलवली. तेही तिच्याच चाकाकडे बघत होते.

आता सगळे माझ्याकडे बघत होते.

“बोला, मामा,” उस्ताद म्हणाले. “बोट वर केलं होतं का त्याने? खात्री असेल तरच सांगा.”

त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, ‘खात्री नाही’. कुणालाही नवल वाटलं नसतं. वर्षभर मी दुसरं काही म्हटलंच नव्हतं. ते खोटं आहे असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. भाच्यालाही ते माहीत होतं. त्याच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती, उलट तो निश्चिंत होता. मी कुलूप म्हटलं की तो ‘लावलं, मामा’ म्हणायचा, तशी आज माझी पाळी होती.

मी आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं, एकदा, दोनदा. शंका यावी म्हणून वाट बघितली. ती आली नाही. उजवा हात, पहिलं बोट, जरासं वाकडं. लहानपणी दारात चेमटलं होतं ते. दार मीच लावलं होतं.

“केलं होतं,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की.”

भाच्याने करंडक टेबलावर ठेवला. आवाज झाला. मास्तरीण उठली आणि बाहेर गेली. ती जिंकल्यासारखी दिसत नव्हती. उस्तादांनी बराच वेळ मिशी चावली. मग तिच्या बाबांना म्हणाले, “उद्या सकाळी तिला कागदपत्रं घेऊन पाठवा. जागा तिची.”

“ती अकरावी आली,” भाचा म्हणाला.

“आली,” उस्ताद म्हणाले. “आत आली.”

घरी जाताना व्हॅन मीच चालवत होतो. भाचा शेजारी बसून हातमोजे गुंडाळत होता, उलगडत होता. संध्याकाळ व्हायला आली होती. आमच्या रस्त्याच्या अलीकडे, सिग्नलला थांबलो तेव्हा तो बोलला.

“यायचंच होतं मला, मामा. बोट केलं तेव्हा खरंच यायचं होतं. ती वळताना दिसली आणि पाय उठलाच नाही.”

“हं.”

“तुम्ही मला बोलावलंत कशाला? माझ्या गाडीचं काही नव्हतं ना?”

“नव्हतं.”

“तिच्यासाठी?”

“चाकासाठी,” मी म्हणालो. मग ते मला अपुरं वाटलं. “तू हाक मारलीस तेव्हा मी ते चाक सोडून तुझ्याकडे आलो होतो.”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा माझ्या लक्षात आलं.

“तुम्हाला कधीच कशाची खात्री नसते,” तो म्हणाला. “आज एकदा नसती तर चाललं नसतं का?”

मी गाडी पुढे काढली.

घराखाली व्हॅन लावली. तो बॅग घेऊन पुढे निघाला. मी मागच्या दाराला कुलूप घातलं, दहा पावलं गेलो आणि थांबलो.

“कुलूप...” माझ्या तोंडून निघून गेलं.

तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर होता. ऐकलं त्याने, पाठीवरून कळलं. क्षणभर थांबला, आणि मग वर चढत गेला.

मी परत गेलो. कुलूप लागलेलं होतं. मी ते ओढून बघितलं, आणि पुन्हा ओढून बघितलं. वरच्या खिडकीत बहीण उभी होती, आमची दोघांची वाट बघत. मी कुलूप हातात धरून तिथेच उभा राहिलो, तो वर पोहोचून तिला काय ते सांगेपर्यंत.